समुद्रगाईची ना-हरकत

फ्लोरिडात पाण्याकाठी घर घेतलं की नातेवाईक विचारतात, "बोट घेतलीस का?" बोट नको होती. मला लाकडाचा एक धक्का हवा होता. संध्याकाळी चहा घेऊन टोकाला बसायचं, गरी टाकायची, मासा लागला तर लागला. रत्नागिरीच्या माणसाला याहून जास्त काय हवं? घर बनाना रिव्हरच्या काठी. नाव नदीचं, पण खरं तर ते खाजण. याच भागातून 1969 मध्ये माणसं निघाली आणि चंद्रावर जाऊन परतही आली. मी तर परसातून जेमतेम पाण्यापर्यंत जाणार होतो.

धक्क्याच्या परवानग्या काढून देणाऱ्या सल्लागार बाईंनी नकाशा पसरला. माझी जमीन म्हणे सरासरी भरतीच्या रेषेपाशी संपते. पुढचा पाण्याखालचा चिखल फ्लोरिडाचा, 1845 मध्ये ते राज्य झालं तेव्हापासून. मला हक्क फक्त पाण्यापर्यंत जायचा. म्हणजे सातबारा सरकारचा आणि आमची नुसती वहिवाट. हे मात्र मला चटकन कळलं. बांधावरून कोर्टात गेलेल्या घराण्यात जन्म आहे माझा.

परवानग्या कोणाकोणाच्या? राज्याचं पर्यावरण खातं, काउंटी, एचओए म्हणजे सोसायटीची कमिटी, इथवर ठीक. (कमिटीला खांबांच्या रंगाखेरीज कशातच रस नव्हता.) पण यादीत लष्करही निघालं. बोटी जातात अशा पाण्यात काहीही उभारायचं तर 1899 च्या कायद्याने लष्कराच्या अभियंता विभागाची मंजुरी लागते. मी आईला फोनवर सांगितलं, "आता फक्त सैन्याची परवानगी यायची राहिलीय." पलीकडे शांतता. मग दबक्या आवाजात, "तू नक्की काय बांधतोयस रे?"

बनाना रिव्हर संरक्षित जलक्षेत्र आहे, त्यामुळे मापंही ठरलेली. चालायची वाट चार फुटांहून रुंद नको, टोकाचा ओटा 160 चौरस फुटांवर नको आणि दोन फळ्यांत निदान अर्धा इंच फट हवी. फट कशाला? तर पाण्याखालच्या समुद्रगवताला ऊन मिळावं म्हणून. फळ्यांत फट राहिली म्हणून आजोबांनी सुताराचा उद्धार केलेला मी लहानपणी ऐकलाय. इथे फट नसेल तर परवाना नाही.

आणि ते गवत आधी मोजायचं. तेही 1 जून ते 30 सप्टेंबर या काळातच, कारण तेव्हा ते वाढीला लागलेलं असतं. आमचं प्रकरण या पायरीला पोचलं नेमकं ऑक्टोबरात. पुढच्या उन्हाळ्यात एक पाणबुड्या चौकट घेऊन खाली गेला. तो वर येऊन टक्केवारी सांगायचा, दुसरा लिहून घ्यायचा आणि मी काठावर परीक्षेच्या हॉलबाहेरच्या बापासारखा येरझाऱ्या घालायचो. फरक एवढाच, की गवत कमी तर माझी अडचण कमी, म्हणून आपलं गवत नापास व्हावं असं मला मनापासून वाटत होतं.

एरवी हसलो असतो. पण 2021 मध्ये फ्लोरिडात 1,100 च्या आसपास मॅनटी, म्हणजे इथल्या समुद्रगाई, मेल्या. त्यातल्या कित्येक उपासमारीने, कारण याच खाजणातलं गवत संपत आलं होतं. हे वाचल्यावर मी गवतावर चिडणं सोडलं. सल्लागार बाईंच्या बिलावर चिडत राहिलो.

अखेर परवाना आला. त्यातली एक अट सल्लागार बाईंनी दोनदा वाचून दाखवली. मॅनटी कामाच्या 50 फुटांच्या आत आली की सगळं काम बंद. ती स्वतःहून लांब जाईपर्यंत, नाहीतर 30 मिनिटं दिसेनाशी होईपर्यंत थांबायचं. तिला हाकलायचं नाही, वळवायचं नाही.

पहिला खांब उभा राहतोय तोच ती आली. चारपाचशे किलोचं धूड, तोंडावर कसली म्हणून घाई नाही. कामगारांनी इतक्या आनंदाने हत्यारं खाली ठेवलेली मी कधी पाहिली नव्हती. मी सगळ्यांना आलं घालून चहा दिला. आई व्हिडिओवर होतीच.

"अरे, काठीने हुसकव की तिला!"

"आई, गुन्हा आहे तो."

"मग कोबीचं पान दाखवून बाजूला बोलाव."

"खायला घालणं हाही गुन्हा आहे."

"मग गुन्हा नाही असं तिथे तुम्हाला करता तरी काय येतं?"

पाणी शांत झालं. मुकादम घड्याळ लावून बसला. पंचवीस मिनिटं झाली, अठ्ठावीस झाली, एक जण उठून हातमोजे चढवायला लागला. तेवढ्यात खांबाशेजारी फुस्स करून नाक वर आलं. मुकादमाने घड्याळ पुन्हा शून्यावर नेलं आणि मला विचारलं, "तो चहा अजून आहे का?"