माळाला कुंपण घातलं की माती जिवंत होते? अर्धंच खरं आहे

बेळगाव, चिकोडी, निपाणीकडच्या शेतकरी ग्रुपवर एक मेसेज सतत फिरत असतो: “गुरं-मेंढरं मातीचा जीव घेतात. माळाला कुंपण घाला, दहा वर्षं जनावर आत सोडू नका. जिवाणू आपोआप वाढतील, माती काळीभोर होईल.” पाठवणाऱ्यांचा हेतू चांगलाच असेल. पण अशाच मेसेजच्या जोरावर उद्या कुणाच्या तरी बकऱ्यांची वाट अडवली जाईल, म्हणून त्यातला एकेक दावा तपासायला हवा.

“जनावरं मातीचा जीव घेतात.” हे कुठं खरं आहे ते आधी मान्य करतो. गावालगतच्या गायरानात, पाणवठ्याच्या काठी गुरं बारा महिने उभी असतात. पावसात काळी माती तुडवली की भेगा-पोकळ्या बुजतात, हवा आत जात नाही. गवत बुडख्यापर्यंत खाल्लं की मुळं आखडतात आणि मुळांवर जगणारे जिवाणू उपाशी पडतात. अति चराईनं मातीतले सूक्ष्मजीव घटतात, हे ठिकठिकाणच्या अभ्यासांत दिसलं आहे. अथणी-रायबागकडं पाऊस आधीच कमी. तिथल्या खरवडलेल्या गायरानाला काही पावसाळे विश्रांती द्यायलाच हवी.

पण दोष न थांबणाऱ्या चराईचा आहे, चराईचा नाही. गवताचा शेंडा बेतानं खाल्ला गेला की मुळांतून साखरेसारखी द्रव्यं मातीत पाझरतात. त्यावर जिवाणू वाढतात, नत्र मोकळं करतात आणि तेच नत्र नव्या फुटव्याला मिळतं. श्रावणात माळावरचा अर्धवट सुकलेला शेणाचा पो उलटून बघा. खाली शेणकिड्यांची भोकं, भुसभुशीत ओलसर माती, बुरशीचे पांढरे धागे दिसतील. हातभर अंतरावर कडक मुरूम. आणि बकऱ्या मातीचा जीव घेत असतील, तर आपलेच शेतकरी धनगराला धान्य-पैसे देऊन रानात बकरी का बसवतात?

“कुंपण घातलं की जिवाणू आपोआप वाढतात.” बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या सुमंत बागची आणि सहकाऱ्यांनी हिमाचलच्या स्पीतीत १६ वर्षं कुंपणाआडची आणि चराईची जमीन शेजारी-शेजारी मोजली. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार, जनावरं नसलेल्या जमिनीत कार्बनचं, म्हणजे जिवाणूंच्या खाद्याचं, प्रमाण वर्षागणिक ३० ते ४० टक्के जास्त वरखाली होत होतं. चराईच्या जमिनीत ते तुलनेनं स्थिर होतं. स्पीती थंड वाळवंट, आपला माळ पावसाळी. आकडे जसेच्या तसे इथं लागू नाहीत. पण कुंपण म्हणजे हमखास फायदा, हे त्यातून नक्कीच निघत नाही.

आपल्याकडं काय होतं? कुसळी, पवना असलं गवत दिवाळीनंतर वाळून उभं राहतं. कुणी खाल्लं-कापलं नाही तर थरावर थर साचतो. अशा काडात कार्बन भरपूर आणि नत्र नावाला, म्हणून ते कुजायला वेळ लागतो. खालच्या कोंबाला ऊन मिळत नाही, आणि उन्हाळ्यात एक ठिणगी पडली की सगळा माळ पेटतो. बऱ्याच ठिकाणी बंद माळात घाणेरी आणि वेडी बाभळ घुसते, मग गवताच्या मुळांवर जगणाऱ्या बुरशीचा आधारच जातो.

मेसेजच्या बाजूनं जाणारी एक गोष्टही सांगायला हवी. स्पीतीतच याच गटाला असं आढळलं की, पाळीव जनावरं चरतात त्या मातीत जंगली जनावरांच्या रानापेक्षा कार्बन कमी असतो. यात जनावरांना दिलेल्या आणि शेण-मुतातून मातीत उतरून जिवाणू मारणाऱ्या टेट्रासायक्लिनसारख्या प्रतिजैविकांचा हात असावा, असं त्यांनी मांडलं. जंतावरचं आयव्हरमेक्टिनही शेणातून बाहेर पडतं आणि शेणकिड्यांच्या अळ्या मारतं. म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय औषध देऊ नये, आणि दिलं तर काही दिवस त्या जनावरांचं शेण माळावर पडू देऊ नये.

“माती काळीभोर होईल.” काळ्या जमिनीचा रंग मुख्यतः बेसाल्ट झिजून बनलेल्या चिकणमातीमुळं येतो. खानापूरकडच्या तांबड्या जांभ्याच्या माळाला कितीही कुंपण घाला, तो काळा होणार नाही.

गवत राखायची आपली जुनी रीत बघा: पावसाळाभर कुरण बंद, बी झडल्यावर कापणी, मग जनावरं आत. गायरानालाही हेच लावता येईल. निम्मं यंदा बी झडेपर्यंत राखायचं, निम्मं पुढच्या वर्षी. पाणवठ्याजवळचा भाग आलटून-पालटून जनावरांविना ठेवायचा. हा ठराव ग्रामसभेत येईल तेव्हा धनगरांना आधी बोलवा. कुठलं गवत कधी बी टाकतं, हे त्यांनाच सगळ्यात नीट माहीत असतं.