'ब्रेकचं सेटिंग केलंच नाही' या तक्रारीबद्दल

नमस्कार सर,

सर्वप्रथम दिलगिरी. तुमच्या मॉडेल रेल्वेची दोन्ही इंजिनं डिकोडर (रुळातून येणारे आदेश वाचून इंजिन चालवणारी छोटी चिप) बसवून परत पाठवायला ठरल्यापेक्षा नऊ दिवस जास्त लागले, ते खरं आहे, त्यावर मी काही सबब सांगत नाही. गाड्या एकमेकींवर आदळून एका डब्याचं कपलिंग तुटलं, त्याचंही वाईट वाटलं. परीक्षणात एक तारा दिलात, तो तुमचा अधिकार. पण त्याखाली 'डिकोडर नुसता चिकटवून दिला, ऑटो ब्रेकचं सेटिंग केलेलंच नाही, कामाचे पैसे मात्र पूर्ण घेतले' असं लिहिलंत, ते वाचून रात्रभर झोप लागली नाही. ते वाक्य तेवढं खरं नाही, म्हणून हे लांबलचक लिहितो आहे.

इंजिनं मिळाल्यावर तुमचा पहिला मेसेज आला तो असा: 'सिग्नल लाल असताना इंजिन हळू होतं, पण थांबायच्या आत पुन्हा वेग घेऊन निघून जातं.' सर, सेटिंग केलेलं नसतं तर ते हळू तरी का झालं असतं? तुम्ही ब्रेकची पट्टी, म्हणजे सिग्नलपाशी गाडी थांबायचा रुळाचा तुकडा, डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारे भाग) लावून स्वतः बनवली आहे, एका दिशेला चार आणि उलट दिशेला एक. एका डायोडमागे सुमारे 0.7 व्होल्ट पडतात, म्हणजे रुळातल्या डीसीसीच्या (वीज आणि आदेश एकत्र नेणाऱ्या डिजिटल प्रवाहाच्या) दोन बाजूंत दोनेक व्होल्टचा फरक येतो. तो फरक ओळखून गाडी थांबवणं म्हणजेच एबीसी ही ऑटो ब्रेकची पद्धत. डिकोडरला तो ओळखायला सांगावं लागतं, सीव्ही 27 मध्ये (सीव्ही म्हणजे डिकोडरातला सेटिंगचा नंबर दिलेला खाना). उजव्या रुळासाठी 1, डाव्यासाठी 2, दोन्हींसाठी बेरीज 3. मी दोन्ही इंजिनांत 3 लिहून माझ्या टेबलावरच्या रुळावर थांबवून पाहिली होती, आणि खोक्यातल्या चिठ्ठीवर ते आकडे पेनाने लिहिले होते. वीज न तोडता थांबत असल्यामुळे उभ्या इंजिनाचे दिवे आणि आवाज चालू राहतात, तेही तुम्हाला पहिल्याच दिवशी आवडलं होतं. मेसेज माझ्याकडे आहे.

मग ते थांबलं का नाही? पट्टी कमी पडली. गाडी किती हळूहळू थांबावी ते ठरवणाऱ्या सीव्ही 4 मध्ये मी 20 ठेवले होते, गाडी झटक्याने न थांबता खऱ्यासारखी थांबावी म्हणून. मानकाच्या हिशोबाने 20 गुणिले 0.896, म्हणजे पूर्ण वेगातून थांबायला जवळपास 18 सेकंद. तुमचं इंजिन एचओ मापाचं, म्हणजे खऱ्याच्या 1:87. खऱ्या गाडीच्या ताशी 60 किलोमीटरला ते सेकंदाला 19 सेंटीमीटर जातं. पूर्ण वेग 120 धरला तर 60 वरून थांबायला नऊ सेकंद आणि सुमारे 85 सेंटीमीटर रूळ लागतो. पूर्ण वेगात आलं तर साडेतीन मीटर! तुमची पट्टी 60 सेंटीमीटरची. इंजिन पट्टीबाहेर पडलं की डिकोडरला दोन्ही बाजू सारख्या दिसतात आणि तो पुन्हा वेग धरतो.

आता इथे माझी चूक आहे. पट्टी किती लांब आहे, हे मी विचारायला हवं होतं. विचारलं असतं तर सीव्ही 4 कमी केला असता, किंवा ठरावीक अंतरात थांबायचं सेटिंग चालू करून दिलं असतं, ते या डिकोडरात आहे. नाही विचारलं. घाईत राहून गेलं.

पण टक्कर त्यामुळे झाली नाही. तुम्हीच परीक्षणात लिहिलं आहे की 'दोन्ही इंजिनं 3 नंबरवर एकदम पळायला लागली, उभी असलेली गाडी आपोआप निघाली'. मी तुम्हाला ती दोन वेगळे ॲड्रेस (कंट्रोलरवर इंजिन निवडायचे नंबर) देऊन पाठवली होती, इंजिनावर रंगवलेल्या नंबरांप्रमाणे. 3 हा कारखान्यातून येणारा ॲड्रेस. दोन्ही इंजिनं एकाच दिवशी 3 वर कशी गेली? सीव्ही 8 मध्ये 8 लिहिलं की बऱ्याच डिकोडरांचं सगळं सेटिंग मुळावर जातं. ॲड्रेस जातो, सीव्ही 4 जातो आणि या डिकोडरात सीव्ही 27 पुन्हा 0 होतो, म्हणजे ब्रेक बंद. तुम्ही नंतर तपासलंत तेव्हा तिथे 0 दिसलं आणि तुम्ही लिहिलंत, 'केलंच नव्हतं'.

रात्री अकरा वाजता मी 'उद्धटपणे' उत्तर दिलं, असंही लिहिलं आहे. माझं उत्तर एका ओळीचं होतं: 'सीव्ही 8 मध्ये काही लिहिलंत का?' त्यावर तुम्ही 'मला शिकवू नका' म्हणालात आणि मी गप्प बसलो. अकरा वाजता उत्तर दिलं कारण दिवसभर सोल्डरिंग सुरू असतं, मी एकटाच आहे, मोबाइल हातात घ्यायला तेव्हाच वेळ मिळतो. ते एक वाक्य कोरडं वाटलं असेल तर माफ करा. नमस्कार लिहायचा राहिला होता, एवढं मान्य.

हे परीक्षण आल्यापासून विचारपूस करणाऱ्या दोघांनी 'तुमच्याकडचे ब्रेक लागत नाहीत म्हणे' असं विचारलं. मला दुसरा धंदा नाही, सर.

चिठ्ठीवर सीव्ही 8 बद्दल सूचना नव्हती, ती आता टाकतो. पट्टीची लांबीही विचारत जाईन, बाकी वेळेचं वगैरे बघतोच आहे. तुमची दोन्ही इंजिनं परत पाठवा, जाण्यायेण्याचा खर्च माझा. सोबत पट्टीची लांबी, गाडी साधारण किती वेगाने पट्टीत शिरते ते, आणि डायोडच्या जोडणीचा एक फोटो तेवढा द्या. डब्यांना दिवे असतील तर तेही कळवा, कारण तो करंटही त्याच डायोडमधून जातो आणि एक ॲम्पिअरचे डायोड तापतात. तुटलेलं कपलिंग त्याच खोक्यात घाला, बसवून देतो. आणि तोवर कृपया त्या डिकोडरांना हात लावू नका.