शिक्का कुठे आहे?

ठाण्याच्या कोर्टनाक्यावर माझी वकिली गेली बावीस वर्षे चालू असली, तरी माझे खरे कार्यालय नौपाड्यातल्या आमच्या इमारतीच्या जिन्यात आहे. न्यायालयात मला दिवसाकाठी फार तर तीनदा तोंड उघडायला मिळते आणि त्यातल्या दोनदा मी पुढची तारीख मागतो. जिन्यात मात्र तळमजल्यापासून तिसऱ्या मजल्यावरच्या माझ्या दारापर्यंत पोहोचेतो वारसाहक्क, भाडेकरार, न वटलेले चेक आणि शेजाऱ्याच्या कुंड्यांतून गळणारे पाणी एवढ्या विषयांवर मत द्यावे लागते. "वकीलसाहेब, एकच मिनिट," अशी सुरुवात झाली की हातातली भाजीची पिशवी मी खाली ठेवतो, कारण त्या मिनिटात कोथिंबीर सुकते हे मला अनुभवाने ठाऊक आहे.

या मंडळींनी निकाल आधीच लावलेला असतो. तो त्यांच्या मेहुण्याच्या कचेरीतल्या कोणीतरी, किंवा लोकलमध्ये चौथ्या सीटवर बसणाऱ्या एखाद्या जाणकाराने, कारणमीमांसेसह दिलेला असतो, आणि माझ्याकडून हवा असतो तो त्यावरचा शिक्का. मी वेगळे काही सांगितले की समोरच्या चेहऱ्यावर कायद्याविषयी नव्हे, तर माझ्या पदवीविषयी शंका उमटते.

फी मागावी म्हटले, तर जिन्यात फी मागता येत नाही. आणि वकिलाने जाहिरात करू नये, पाटीसुद्धा बेताच्या आकाराची लावावी, असा बार कौन्सिलचा नियम असल्यामुळे 'येथे फुकट सल्ला मिळणार नाही' असा फलक लावण्याचा मार्गही मला बंद आहे. आमच्या कोपऱ्यावरच्या सलूनवाल्यावर असले काही बंधन नाही. दाढी पन्नास, कटिंग शंभर, फेशियलचे विचारा, असे सगळे त्याने आरशाच्या डोक्यावर ठळक रंगवून ठेवले आहे.

मागच्या महिन्यात याच सलूनवाल्याने माझ्या गालभर फेस लावला, वस्तरा कंठमण्यावर टेकवला आणि सहज म्हटल्यासारखे सांगितले, "साहेब, कळव्याची खोली भाड्याने दिली. अकराच महिन्यांचा कागद केलाय, म्हणजे रजिस्टर करायची भानगड नाही." मला मान हलवता येत नव्हती, आणि न हललेल्या मानेचा अर्थ त्याने संमती असा घेतला. वस्तरा गालाकडे सरकल्यावर मी दातांच्या फटीतून सांगू लागलो की ही अकरा महिन्यांची समजूत १९०८ च्या नोंदणी कायद्यावरून आली आहे, कारण त्यात एका वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो. पण आपल्याकडच्या १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे मुदत कितीही असली, तरी भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदलेलाच हवा. नोंदवण्याची जबाबदारी घरमालकाची असते. ती त्याने टाळली तर तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्हीही होऊ शकते. आणि पुढे भांडण झालेच, तर अटी काय ठरल्या होत्या याबद्दल भाडेकरू जे म्हणेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे धरले जाते.

"तीन महिने?" वस्तरा थांबला. "पण साहेब, सगळे असंच करतात."

हे वाक्य कोणत्याही कायद्याच्या कोणत्याही कलमात अपवाद म्हणून छापलेले मी पाहिलेले नाही, परंतु बावीस वर्षांत माझ्यापुढे आलेला सर्वांत लाडका बचाव तोच आहे. महापालिका हद्दीत नोंदणी शुल्क हजार रुपये आहे, मुद्रांक शुल्क वेगळे, आणि हे काम घरबसल्या ऑनलाइनही होते, असे मी त्याला समजावले. हजार रुपये म्हणजे वीस दाढ्या, असा हिशेब त्याने मोठ्याने केला आणि माझ्याकडून एकविसावीचे पन्नास रुपये पूर्ण घेतले.

न वटलेल्या चेकविषयी लिहावे असे फार नाही, कारण तो प्रश्न माझ्याकडे नेहमी मुदत संपल्यावरच येतो. चेक परत आल्याचे बँकेने कळवल्यापासून तीस दिवसांत लेखी नोटीस, ती पोहोचल्यापासून पैसे देण्यासाठी पंधरा दिवस, आणि तेही उलटले तर पुढच्या एका महिन्यात तक्रार, अशी कलम १३८ ची चाल आहे. माझा आतेभाऊ पाचव्या महिन्यात उगवला. "आम्ही समजुतीने घेत होतो," असे तो म्हणाला. त्याचा कर्जदार मात्र कॅलेंडर बघत होता.

कोर्टनाक्यावरच्या चहाच्या टपरीवर गेली दोन वर्षे वेगळेच दुःख आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. जुन्या कायद्यात ५११ कलमे होती, नव्यात ३५८ आहेत, त्यामुळे चारशे वीस या क्रमांकाचे कलमच उरलेले नाही. ती फसवणूक आता कलम ३१८ च्या चौथ्या पोटकलमात राहते. मी हे सांगितल्यावर टपरीवाल्याने उधारी बुडवणाऱ्या एका गिऱ्हाइकाला 'तीनशे अठरा' म्हणून पाहिले, पण त्या गिऱ्हाइकाला राग येण्याऐवजी ती आपली बाकीच वाटली. ३०२ ची तर याहून पंचाईत झाली आहे. खुनाचे कलम १०३ झाले असून ३०२ या आकड्याखाली आता धार्मिक भावना मुद्दाम दुखावणारे शब्द उच्चारण्याचा गुन्हा येतो. ज्या तारखेला गुन्हा घडला त्या तारखेचा कायदा लागतो, हे मी जोडल्यावर टपरीवाला म्हणाला, "म्हणजे जुन्या चोरांना जुना भाव." याहून नेमके मला सांगता आले नसते.

परंतु माझी खरी परीक्षा तळमजल्यावरच्या काकांनी घेतली. काका अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत, माझ्या वडिलांचे स्नेही आहेत, आणि मी अर्ध्या चड्डीत असल्यापासून मला ओळखत असल्यामुळे माझ्या सनदेचा त्यांच्यावर काडीचाही परिणाम झालेला नाही. एका रविवारी त्यांनी मला जिन्यातच अडवून सांगितले, "अरे वकिला, माझं सगळं नीट झालंय. धाकट्याला सोसायटीत नॉमिनी केलाय. म्हणजे फ्लॅट त्याचा झाला."

मी म्हणालो, "काका, नॉमिनी मालक नसतो."

इथेच मी थांबायला हवे होते. पण समजावण्याची खोड वाईट. नॉमिनी म्हणजे सोसायटीने ज्याच्याशी व्यवहार करायचा तो माणूस. मालकी कोणाची ते वारसाहक्काने किंवा मृत्युपत्राने ठरते, आणि शेअर सर्टिफिकेटवर नाव चढले म्हणून वारसांचे हक्क संपत नाहीत, असे मी सांगितले. कंपन्यांच्या शेअर्सच्या बाबतीतही नॉमिनी वारसांना डावलू शकत नाही असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे, हेही सांगितले. काकांच्या भुवया वर गेलेल्या तशाच राहिल्यामुळे मी सोपा दाखला दिला. "आपल्या वॉचमनकडे तुमचं पार्सल येतं, तो सही करून ते घेतो. म्हणून पार्सल त्याचं होतं का?"

"म्हणजे माझा मुलगा वॉचमन?"

त्या दिवसापासून काकांचा धाकटा मुलगा माझ्याकडे बघत नाही. वॉचमनही जरा ताठ वागू लागला आहे.

काकांनी पुढे विचारले की मग काहीच केले नाही तर काय होईल. फ्लॅट त्यांच्या स्वतःच्या कमाईचा असल्याने हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे काकू, ठाण्यातला धाकटा, ऐरोलीतला थोरला आणि नाशिकची मुलगी अशा चौघांना सारखे चार हिस्से मिळतील, असे मी म्हणालो.

"हिलासुद्धा?" काकांनी आवाज खाली आणून विचारले.

"काकूंनासुद्धा."

आतल्या स्वयंपाकघरात चाललेला कुकरच्या भांड्यांचा आवाज तेवढ्यात थांबला, आणि मग चहा आला. त्या घरात मला इतक्या वर्षांत प्रथमच चहाबरोबर चकली मिळाली.

मृत्युपत्र करायचे ठरले. सोमवारी संध्याकाळी काका प्लास्टिकच्या पिशवीत घडी न पडलेला पाचशे रुपयांचा स्टॅम्प पेपर घेऊन आले. कोर्टनाक्यावर दीड तास रांगेत उभे राहून त्यांनी तो मिळवला होता, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये शंभराचे पाचशे कसे झाले यावर त्यांनी रांगेतच एक छोटी सभा घेतली होती. मृत्युपत्राला स्टॅम्प लागत नाही, ते साध्या कोऱ्या कागदावर चालते, दुय्यम निबंधकाकडे नोंदवणेही ऐच्छिक आहे, हे मी त्यांना शक्य तितक्या हळुवारपणे सांगितले. हळुवारपणाचा उपयोग झाला नाही. काकांनी माझ्या टेबलावरचा एक कोरा कागद दोन बोटांत धरून दिव्यासमोर नेला आणि उलटसुलट करून पाहिला.

"या कागदावर माझा एक कोटीचा फ्लॅट?"

"हो काका."

"यावर तर आम्ही वाण्याची यादी करतो. निदान नोटरीचा तांबडा शिक्का तरी?"

नोटरीचाही लागत नाही. १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याला तुमची सही हवी आणि ती होताना पाहिलेले दोन साक्षीदार हवेत, मग साक्षीदारांनी तुमच्यासमोर सही करायची, एवढेच, असे मी म्हणालो. हे 'एवढेच' काकांना लागले. आयुष्यभराच्या कमाईची विल्हेवाट इतक्या स्वस्तात लावण्याइतके आपण लहान नाही, असे त्यांच्या मौनातून मला स्पष्ट ऐकू आले. वाढवलेली फी हा वकिलाचा लोभ असतो असे लोक समजतात, पण कित्येकदा ती अशिलाच्या प्रतिष्ठेची गरज असते, हे माझे मत त्या मौनात पक्के झाले.

साक्षीदार म्हणून काकांनी तलावपाळीवर पहाटे त्यांच्यासोबत फेऱ्या मारणारे दोन मित्र सुचवले. एक एक्याऐंशीचे, दुसरे चौऱ्याऐंशीचे, आणि दुसऱ्यांना पेसमेकर.

"काका, साक्षीदार तुमच्यापेक्षा वयाने लहान असलेले बरे. वेळ आली तर त्यांच्यापैकी एकाला तरी न्यायालयात उभं राहून सांगावं लागतं."

"कसली वेळ?"

मी खिडकीबाहेर पाहू लागलो. काकांसोबत आलेल्या काकूंनी पदर सारखा केला आणि शांतपणे म्हटले, "तुम्ही गेल्यावरची वेळ हो."

शेवटी खालचा मेडिकलवाला आणि दुसऱ्या मजल्यावरची बँकेत नोकरी करणारी मुलगी यांना बोलावले. वाचल्याशिवाय मी कशावर सही करत नाही, असे मेडिकलवाला म्हणू लागला. त्याने डॉक्टरांच्या चिठ्ठ्या वाचण्यात हयात घालवली असल्याने ते त्याला शोभतही होते. पण साक्षीदाराला मजकूर कळण्याची गरज नसते, सही काकांनी केली एवढे त्याने पाहायचे असते, असे मी सांगितल्यावर काकांनी मजकूर वर्तमानपत्राने झाकला, फक्त खालची दोन बोटे जागा उघडी ठेवली आणि पेन्शनच्या हयातीच्या दाखल्यावर करतात तशी, प्रत्येक अक्षर सुटे असलेली सही केली. मुलीने सही केली, मेडिकलवाल्याने केली. त्याचे नाव कोणालाच वाचता येईना, म्हणून मी ते कंसात लिहून घेतले.

सगळे झाल्यावर काकांनी कागद हातात घेतला, मागे वळवला, पुन्हा पुढे केला.

"शिक्का कुठे आहे?"

माझ्या खणात 'खरी प्रत' असा एकच रबरी शिक्का होता. तो मूळ मृत्युपत्रावर मारणे म्हणजे मूळ कुठे आहे याचा शोध पुढच्या पिढीला लावून देणे होते. काका म्हणाले, "खरी आहे ना? मग मार." मी खण बंद करून किल्ली खिशात घातली. मग त्यांनी तो कोरा स्टॅम्प पेपर काढला, मधोमध दुमडला, मृत्युपत्र त्याच्या पोटात ठेवले आणि राजमुद्रेची बाजू वर येईल अशी काळजी घेऊन ते सगळे पिशवीत सरकवले. तेवढ्याने त्यांचा चेहरा निवळला. जाताना मी केवळ माहिती म्हणून बोलून गेलो की आपल्याकडे स्टॅम्प पेपर खरेदीपासून सहा महिन्यांत वापरला नाही तर तो बाद होतो. हे वाक्य मी बोलायला नको होते.

बरोबर सहा महिन्यांनी, संध्याकाळी सातच्या सुमारास, मी ठाणे स्थानकाच्या पुलावर दोन्ही बाजूंच्या गर्दीत उभा चेपलेला असताना काकांचा फोन आला.

"अरे वकिला, एकच मिनिट. तो स्टॅम्प पेपर आज बाद झाला ना?"

"झाला, काका."

"मग आतलं मृत्युपत्र?"

"ते चालू आहे. त्याचा याच्याशी संबंध नाही."

"नक्की? मग तसं मला लिहून दे."

"देतो. साध्या कागदावर चालेल?"

पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मग काकांनी घसा साफ केला.

"नको, नको. मी आज सकाळीच नवा आणून ठेवलाय."