आधी अँटिव्हायरस बंद करा

चाळिशीच्या आसपासचा मराठी पुरुष मनातून खट्टू झाला की काय करतो, याचा कुणी नीट अभ्यास केलेला नाही. माझ्या पाहण्यातले काही जण ट्रेकिंगचे बूट आणतात, काही जण महागडी सायकल घेतात आणि उरलेले ‘क्रिकेट ०७’ शोधायला लागतात. मी या उरलेल्यांतला. बूट आणि सायकल दुकानात मिळतात, हा बाकीच्यांचा मोठाच फायदा.

क्रिकेट ०७ हा ईए स्पोर्ट्सने २००६ च्या अखेरीस काढलेला गेम, त्यांच्या क्रिकेट मालिकेतला शेवटचा. कॉमेंट्रीला मार्क निकोलस आणि साक्षात रिची बेनो. भारतीय संघाचा परवाना नसल्यामुळे आपल्या खेळाडूंची नावं मोडूनतोडून घातलेली. फलंदाज कोण ते चेहऱ्यापेक्षा बॅटिंग ऑर्डरवरून ओळखायचं. तरीही हॉस्टेलवर, सायबर कॅफेत आणि ज्याच्या घरी कॉम्प्युटर आहे अशा (त्यामुळेच जिवलग असलेल्या) मित्राकडे आमच्या पिढीने या गेमवर जितके तास घालवले, तितके अभ्यासावर घालवले असते तर आज आम्हाला मन रमवायला असले उद्योग करावे लागले नसते.

हे गेम बाजारातून जातात कुठे? त्यांना वय नडत नाही, करार नडतो. खेळाडूंची नावं, संघांचे लोगो, प्रायोजकांच्या पाट्या हे सगळं ठरावीक मुदतीने भाड्याने घेतलेलं असतं. मुदत संपली की विक्री बंद. ईएचा फिफा या फुटबॉल संघटनेशी असलेला करार संपल्यावर २०२३ मध्ये जुने फिफा गेमसुद्धा ऑनलाइन दुकानांच्या फळीवरून खाली उतरले. तिथे क्रिकेटला कोण विचारतो? जुने गेम डागडुजी करून कायदेशीर विकणारं जीओजी नावाचं एक पोलिश दुकान २००८ पासून आहे. मी तिथे मोठ्या आशेने गेलो. तलवारी, ड्रॅगन, अंतराळयानं सगळं होतं. क्रिकेट ०७ नव्हता.

माझा भाचा इंजिनिअरिंगला आहे. “मामा, तू कुठल्या जमान्यात आहेस? गूगल कर, फुकट पडलाय.”

पडला होता खरा, जागोजागी. एका पानावर हिरव्यागार रंगाची ‘डाउनलोड’ लिहिलेली पाच-सहा बटणं होती आणि त्यातलं खरं बटण करड्या रंगात कोपऱ्यात अंग चोरून उभं होतं. दुसऱ्या पानावर ‘हायली कम्प्रेस्ड, फक्त १० एमबी’. अख्खी डिस्क भरणारा गेम दहा एमबीत! एवढ्यात बेनोंचा खोकलाही मावणार नाही. तिसरीकडची झिप फाइल पासवर्ड लावलेली होती आणि पासवर्ड शेजारीच लिहिला होता. मला या पारदर्शकतेचं कौतुक वाटणार होतं, तेवढ्यात लक्षात आलं की हा पासवर्ड माणसांसाठी नव्हेच, अँटिव्हायरससाठी आहे. कुलूप असलं की त्याला आत डोकावता येत नाही. सगळीकडच्या सूचनांमध्ये पहिलं वाक्य मात्र एकच: ‘आधी अँटिव्हायरस बंद करा.’

“ते फॉल्स पॉझिटिव्ह असतं रे, उगाच वाजलेली घंटा,” भाचा म्हणाला. “क्रॅकला अँटिव्हायरस ओरडतोच.”

यावर मी बराच विचार केला. क्रॅक म्हणजे विकत न घेतलेला गेम चालावा म्हणून त्याचं कुलूप तोडणारा, दुसऱ्या प्रोग्रॅमच्या पोटात हात घालणारा प्रोग्रॅम. तो निरुपद्रवी असला तरी अँटिव्हायरस ओरडणार, आणि खरोखर चोर असला तरी ओरडणार. म्हणजे ओरडण्यावरून कुणालाच काही कळत नाही. चोराला याहून सोयीची जागा शोधून सापडणार नाही. व्हायरसटोटल नावाची सोय आहे, तिथे फाइल टाकली की सत्तरच्या आसपास अँटिव्हायरस एकदम तपासून सांगतात. मी टाकली. थोड्यांनी ट्रोजन (साळसूद फाइलच्या वेषातला चोर) म्हटलं, थोड्यांनी नुसतंच ‘संशयास्पद’, आणि बाकीच्यांना काहीच दिसलं नाही. आमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये साधारण याच प्रमाणात मतं पडतात आणि तिथेही नंतर नुकसान होतंच. शिवाय याच लॅपटॉपवर माझं नेटबँकिंग, आयकराचं विवरणपत्र आणि बायकोने ब्राउझरमध्ये साठवलेले तमाम पासवर्ड. एका कव्हर ड्राइव्हसाठी एवढं पणाला लावणारा मी नव्हे.

“पण कंपनीने सोडून दिलाय ना तो गेम?” भाच्याचा शेवटचा मुद्दा. शेजारचे अमेरिकेला गेले म्हणून त्यांचा फ्लॅट आपला होत नाही, असं मी त्याला सुनावलं. विक्री थांबली तरी कॉपीराइट पुढे कित्येक दशकं चालूच राहतो. भाच्याने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जशी मी एके काळी हॉस्टेलच्या रेक्टरकडे टाकत असे.

तर मूळ डिस्क. त्या काळात मूळ डिस्क विकत घेणारा माणूस आम्ही तरी पाहिला नव्हता. ज्याने त्याने कुणाकडून तरी ‘कॉपी मारून’ आणलेली असायची. पण जुन्या वस्तूंच्या जाहिरातींमध्ये चिंचवडचा एक सज्जन सापडला. फोनवर मी पहिला प्रश्न विचारला, “पुस्तिका आहे ना?” कारण सिरियल नंबर पुस्तिकेवर छापलेला असतो, तो नसेल तर डिस्कचा उपयोग चहाचा कप ठेवण्यापुरता. स्वारगेटच्या बसथांब्यावर आमची भेट ठरली. मी डिस्क उन्हात तिरकी धरून ओरखडे पाहतोय, तो इकडेतिकडे बघत पैसे मोजतोय, आणि बसची वाट पाहणाऱ्या एक आजी आमच्यापासून हळूहळू लांब सरकतायत.

घरी आल्यावर डिस्क घालायला लॅपटॉपला तोंडच नव्हतं. हल्ली नसतंच. मग यूएसबीला जोडायचा डीव्हीडी ड्राइव्ह आला. बायकोने डिस्कची किंमत अधिक ड्राइव्हची किंमत अशी बेरीज मोठ्याने केली आणि उत्तर सांगितलं नाही.

इन्स्टॉल झालं. सुरू केल्यावर निरोप आला की डी-थ्री-डी-एक्स-नाइन असल्या काहीतरी नावाची फाइल नाही. अशी सुटी फाइल देणारी पानं इंटरनेटवर ढिगाने आहेत आणि तीच टाळायची असतात. जुन्या डायरेक्टएक्सचा, म्हणजे गेमला चित्रं दाखवायला लागणाऱ्या असल्या फाइलींचा, जून २०१० चा अख्खा संच खुद्द मायक्रोसॉफ्ट फुकट देतं, तो घातला. गेमच्या आयकॉनवर राइट क्लिक करून कम्पॅटिबिलिटीमध्ये ‘विंडोज एक्सपी’ निवडलं. डबल क्लिक केलं. गोल फिरलं, थांबलं, आणि काहीही झालं नाही. चूक दाखवणारा निरोपही नाही. मी वाट पाहिली. वाट पाहणं एवढंच त्या क्षणी माझ्या हातात होतं.

कारण शोधलं तेव्हा संगणकाबद्दलचा आदर वाढला. त्या काळच्या कित्येक गेमच्या डिस्कवर सेफडिस्क नावाचं कुलूप असे. डिस्क खरी आहे की नक्कल, हे तपासायला ते विंडोजच्या अगदी गाभ्यात स्वतःचा एक ड्रायव्हर बसवायचं. त्या ड्रायव्हरमधूनच घुसखोरांना वाट मिळू शकते हे दिसल्यावर मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये विंडोज १० मधून तो काढूनच टाकला. म्हणजे चोरी अडवण्यासाठी लावलेलं कुलूप चोरांच्या सोयीचं निघालं, म्हणून ते काढलं, आणि त्यात अडकला कोण, तर डिस्क विकत घेणारा. क्रॅकवाले तिकडे मजेत पुल मारतायत. भाचा काही बोलला नाही. फक्त हसला.

मग व्हर्च्युअल मशीन. लॅपटॉपच्या आत एक खोटा कॉम्प्युटर उभा करायचा, त्यात जुनं विंडोज घालायचं आणि त्याचं इंटरनेट तोडायचं. आत काही बिघडलं तरी सहसा बाहेर येत नाही. सुरक्षेच्या दृष्टीने उत्तम. पण एक्सपीला तिथे थ्रीडी चित्रं नीट पेलत नाहीत. गोलंदाज धावत आला, म्हणजे इथे दिसला, मग तिथे दिसला, आणि पुढच्या चित्रात माझा ऑफ स्टंप आडवा.

तोडगा ताईच्या माळ्यावर होता. भाओजींचा जुना डेस्कटॉप, विंडोज एक्सपीचा. “घेऊन जा रे बाबा,” ताई म्हणाली, “दर दिवाळीला पुसून पुसून कंटाळले.” तो काचेचा मॉनिटर दोन मजले उतरवताना भाच्याला त्या काळच्या लोकांच्या प्रकृतीबद्दल आदर वाटू लागला. चालू केला तर आतली घड्याळाची बॅटरी संपलेली. त्याच्या मते त्या दिवशी १ जानेवारी २००२ होता. म्हणजे हा गेम अजून निघायचाच होता. तरी त्याने तक्रार केली नाही.

एक्सपीची सुरक्षा दुरुस्ती ८ एप्रिल २०१४ लाच थांबली, त्यामुळे त्याला नेटची वायर लावायची नाही, वायफाय द्यायचं नाही, हा घरात नियम केला. पेन ड्राइव्हही नाही. २००८ मध्ये कॉन्फिकर नावाचा किडा निघाला, तो पेन ड्राइव्हवरूनही पसरायचा, आणि ते दिवस ज्यांनी ऑफिसात काढलेत त्यांना अजून हात धुवावेसे वाटतात.

डिस्क फिरली. गेम सुरू झाला. बेनो बोलले. भाचा खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसला, संघाची यादी वरपासून खालपर्यंत दोनदा पाहिली आणि म्हणाला, “मामा, यात कोहली कुठाय?”

मी त्याला समजावलं की गेम निघाला तेव्हा कोहली भारताच्या संघात आलाही नव्हता. आणि बुमरा? बुमरा शाळेत होता. त्याचा चेहरा उतरला, आणि लगेच मोबाइल उघडून उजळला. लोकांनी नव्या खेळाडूंचे, आयपीएलचे वगैरे पॅच, म्हणजे गेमला जोडायच्या जादा फाइली, बनवून ठेवलेत म्हणे. झिप फाइल आहे. पासवर्ड शेजारीच दिलाय. फक्त आधी अँटिव्हायरस तेवढा बंद करायचा.

सध्या आपली धावसंख्या चार बाद तेरा आहे, भाचा घरभर पेन ड्राइव्ह शोधतोय आणि तो मी साबुदाण्याच्या डब्यात ठेवलाय.