पट्टीवरच्या रेघा बिघडल्या म्हणून प्रिंटरचं हेड बदलू नका

सांगलीच्या मार्केट यार्डात अडत दुकानांच्या ग्रुपवर पट्टीबद्दल, म्हणजे शेतकऱ्याला दिल्या जाणाऱ्या हिशेबाच्या पावतीबद्दल, एक मेसेज फिरतोय: “पट्टीवर चौकटीच्या रेघांऐवजी भलतीच अक्षरं आली तर प्रिंटरचं हेड गेलं समजा. नाहीतर नवा फॉन्ट टाका, फाइल युनिकोडमध्ये सेव्ह करा, तेही जमलं नाही तर साधे डॅश द्या.” यातला शेवटचा उपाय तेवढा खरा. बाकीच्यांत पैसा आणि वेळ जातो, युनिकोडच्या (जगभरच्या लिप्यांसाठीची एकच अक्षर-पद्धत) सल्ल्याने तर जुन्या पट्ट्याही खराब होतात.

डॉट मॅट्रिक्स प्रिंटरचं हेड बारीक पिनांनी ठिपके मारून अक्षर उमटवतं. त्यातली पिन गेली की सगळ्याच अक्षरांना, शेतकऱ्याच्या नावालासुद्धा, एकाच उंचीवर आडवी पांढरी चीर पडते. चुकीचं अक्षर सुबक आणि पूर्ण उमटत असेल तर हेड ठणठणीत आहे.

घोळ तक्त्याचा आहे, म्हणजे कोणत्या आकड्याला कोणतं अक्षर उमटवायचं त्या यादीचा. डॉस या विंडोजच्या आधीच्या प्रणालीवरचं जुनं हिशेबाचं सॉफ्टवेअर रेघ काढत नाही, आकडा पाठवतं: आडव्या ─ साठी १९६, उभ्या │ साठी १७९. १९८१ च्या आयबीएम पीसीबरोबर आलेल्या ४३७ नंबरच्या तक्त्यात १७९ ते २१८ ही सलग ४० घरं चौकटीच्या तुकड्यांना दिलेली आहेत. तोच १९६ विंडोजच्या १२५२ तक्त्यात डोक्यावर दोन टिंबं असलेला इंग्रजी ए होतो, डॉट मॅट्रिक्सच्या इटॅलिक तक्त्यात तिरपा डी होतो, आणि आपल्या १९९१ च्या इस्की मानकात (भारतीय लिप्यांचा तक्ता) चक्क ‘द’. म्हणजे इस्की वाचणाऱ्याला चौकटीची वरची कड ‘ददददद’ दिसणार, आणि उभी रेघ ‘क’.

म्हणून काय उमटलंय ते आधी नीट वाचा. तिरपे डी आणि तिरपे ३ आले असतील तर प्रिंटरच्या सेटिंगमध्ये कॅरेक्टर टेबल इटॅलिकवरून पीसी ४३७ वर न्या, किंवा सॉफ्टवेअरच्या प्रिंटर सेटअपमध्ये सुरुवातीचा कोड २७, ११६, १ द्या. हाच कोड थर्मल प्रिंटरला देऊ नका. त्याच्या ईएससी-पॉस या आज्ञा देण्याच्या पद्धतीत ४३७ चा क्रमांक ० आहे. १ दिलात तर जपानी काताकाना लिपी येते. टिंबांचा ए आणि वर चढलेला छोटा ३ दिसला तर फाइल विंडोजच्या तक्त्याने वाचली गेली आहे. एडिटरमध्ये एन्कोडिंग (म्हणजे तक्ता) ओईएम ४३७ निवडा.

फॉन्टने इथे काहीच होत नाही. टेक्स्ट मोडमध्ये प्रिंटर स्वतःच्या मेमरीतले साचे वापरतो, कॉम्प्युटरमधला फॉन्ट त्याच्यापर्यंत पोचतच नाही. डॅश (४५), अधिक (४३) आणि उभा दांडा (१२४) मात्र १२८ च्या खालचे. वरच्या चारही तक्त्यांत ते सारखेच. चौकट थोडी तुटक दिसेल, पण पट्टीला चालते.

युनिकोड वाईट नाही. चौकटींसाठी तिथे १२८ घरं आहेत, जुनी चाळीसही त्यात आली. पण यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे युनिकोड फाइलमध्ये साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत, रेघेचा प्रत्येक तुकडा तीन बाइट (० ते २५५ मधला एक आकडा म्हणजे एक बाइट) घेतो, आणि हे प्रिंटर एका बाइटला एक अक्षर मोजतात. ओळीत सहा उभ्या रेघा असतील तर ८० खणांची ओळ १२ खणांनी लांबते. हमाली, तोलाईचे रकाने सरकतात आणि निव्वळ रक्कम खालच्या ओळीवर पडते.

त्याहून वाईट म्हणजे टिंबांचे ए दिसत असताना फाइल यूटीएफ-८ मध्ये सेव्ह करणं. चुकीच्या तक्त्याने नुसती बघितली तर फाइलला काही होत नाही. सेव्ह केली की १९६ चे १९५ आणि १३२ असे दोन बाइट होतात, आणि मग ४३७ वरही रेघ परत येत नाही. असं झालंच असेल तर आधी फाइलची प्रत काढा. ती यूटीएफ-८ म्हणून उघडा, १२५२ मध्ये रूपांतर करून सेव्ह करा, मग ४३७ निवडून पुन्हा उघडा. १७९ ते २१८ ही सगळी घरं १२५२ मध्ये भरलेली असल्याने रेघा शाबूत परत मिळतात. एक पट्टी छापून रकाने जुळल्याशिवाय बिघडलेली फाइल पुसू नका.