गच्चीवर मिरच्या घातल्या होत्या, कबुतरांची ढाबळ नाही

5 किलो. ब्याडगी 3, संकेश्वरी 2. देठं खुडून बायकोच्या बोटांची आग आग झालेली. मी पोतं चार जिने वर चढवलं, जुनी साडी अंथरली, मिरच्या पसरल्या. आज डंकावर न्यायच्या होत्या. सकाळी वर जाऊन बघतोय तर लाल मिरच्यांवर पांढरी रांगोळी! आणि मधोमध एक पारवा छाती फुगवून गोल गोल फिरतोय, खासबागचं मैदान मारल्यागत.

हे कुणामुळं? वरच्या मजल्यावरच्या आप्पांमुळं. रोज सकाळी 7 वाजता टाकीपाशी ओंजळ ओंजळ ज्वारी. शनीची पीडा टळते म्हणे. त्यांची टळली आणि आमच्या मिरच्यांवर येऊन बसली. म्हटलं, "आप्पा, बघा की जरा काय झालंय." तर म्हणतात, "काय हुतंय त्येला? वरची वरची काढा. मुका जीव हाय त्यो."

वरची वरची! मिरची आहे का दुधावरची साय? धुवावी तर बुरशी धरते. तशीच कांडावी तर त्या घाणीत साल्मोनेला असू शकतो, आणि तो जंतू सुक्या मसाल्यात महिनोन्‌महिने तग धरतो. आमच्यात कांदा-लसूण चटणीचा डबा वर्षभर चालतो. म्हणजे वर्षभर भाकरीला लावून आप्पांचं पुण्य खायचं?

एवढ्यात वॉचमन खराटा घेऊन हजर. टाकीजवळची वाळकी घाण सपासप झाडायला लागला. "अरे मर्दा, आधी पाणी मार!" असा ओरडलो की खालच्या मजल्यावरचं कुत्रं भुंकलं. गेल्या वर्षी आईला ताप आणि कोरडा खोकला होता, तेव्हा डॉक्टरांनी विचारलं होतं, घरात पोपट आहे का, कबुतरं आहेत का. तिचा निघाला टायफॉईड, पण सिटॅकोसिस, म्हणजे पक्ष्यांपासून माणसाला होणारा आजार, हा शब्द तेव्हापासून माझ्या डोक्यात घर करून बसलाय. नाव पोपटाचं, पण पारवेही त्यात भागीदार. वाळलेली विष्ठा झाडली की धूळ उडते, धुळीबरोबर क्लॅमिडिया सिटासी नावाचा जंतू छातीत, आणि साधारण 5 ते 14 दिवसांनी ताप, डोकेदुखी, कोरडा खोकला. कधी थेट न्यूमोनिया. तोवर झाडू मारल्याचं कुणाच्या लक्षात असतंय! डॉक्सिसायक्लिननं उतार पडतो, पण डॉक्टरला पारव्याचं सांगायला तर पाहिजे. आणि जंतू पसरवणारा पारवा दिसायला कसा? ठणठणीत. आप्पांसारखाच.

जाळीचा विषय तर काढूच नका. तीन मिटिंगा झाल्या, तिन्ही वडा-चहावर उरकल्या. डक्टमध्ये काड्या, एसीच्या डब्यावर अंडी, माझ्या गाडीच्या सीटवर रोजचा अभिषेक. ती गाडीही उन्हात का लावतो मी? सावलीतल्या जागेवर आप्पांची न चालणारी स्कूटर 2019 च्या पुरापासून उभी आहे म्हणून. पण बोलायची सोय नाही. दादरच्या कबुतरखान्यावर 2025 साली ताडपत्री टाकली तर लोकांनी ती फाडली, तिथं आमच्या गच्चीची काय कथा.

हे सगळं मी खाली येऊन बायकोला तारस्वरात ऐकवत होतो. तिनं शांतपणे विचारलं, "आणि शिवाजी पेठेत मामांच्या ढाबळीत दिवसभर कोण पडून असायचं?"

आता काय सांगायचं. मीच. शाळा बुडवून ढाबळ झाडायचो, तीही कोरडी, आणि त्याच हातानं भडंग खायचो. गिरेबाज कबूतर वर गेलं की मान मोडेस्तोवर बघत बसायचो. मामा जन्मभर खोकला, आम्ही बिडीला शिव्या घातल्या. सकाळी मिरच्यांवर नाचणारा तो पारवा पण, खरं सांगतो, अंगानं भारी होता. मानेवरचा रंग काय चमकत होता!

तोंडाला करोनातला मास्क बांधून सगळ्या मिरच्या पोत्यात भरल्या आणि टाकून दिल्या. पाचच्या पाच किलो. परत येताना जिन्यात आप्पा.

"नवीन मिरची आणायला निघालाय जणू? मग आमची बी 2 किलो आणा की. एकदमच वाळत घालू."