एमसीबी पडला नाही, म्हणून निर्धास्त राहू नका

रूम हीटर लावला, एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडून वीज तोडणारा स्विच) पडला नाही, म्हणजे लोड झेपतोय. हा समज आधी डोक्यातून काढा. सॉकेट काळं पडून वितळेपर्यंत एमसीबी जागचा हलत नाही, यात नवल काहीच नाही.

हिशोब करून बघा. २००० वॅटचा हीटर २३० व्होल्टवर ८.७ अँपिअर ओढतो. छोट्या पिनांचं सॉकेट असतं ६ अँपिअरचं, म्हणजे एकाच हीटरने हद्द ओलांडली. असे दोन हीटर एका एक्स्टेंशन बोर्डवर लावले की झाले १७.४. आता १६ अँपिअरचा एमसीबी पडायला हवा ना? पडणार नाही. त्याच्या रेटिंगच्या १.१३ पट, म्हणजे साधारण १८ अँपिअरपर्यंत, त्याने तासभर तरी पडायचं नाही असंच स्टँडर्ड आहे. १.४५ पट, म्हणजे २३ अँपिअरला पडलंच पाहिजे, पण तेही तासाभरात. त्यात बिघाड काही नाही. तो भिंतीतली वायर वाचवायला बसवलाय, तुमचा एक्स्टेंशन बोर्ड नव्हे.

खरी आग लागते ती ढिल्या जोडावर. सॉकेटमधली पितळी पट्टी सैल झाली किंवा वायरचा स्क्रू ढिला राहिला की तिथे रेझिस्टन्स वाढतो. समजा एक तृतीयांश ओहम. ८.७ अँपिअरचा वर्ग गुणिले तेवढा रेझिस्टन्स म्हणजे २५ वॅट. २५ वॅटचं सोल्डरिंग आयर्न माहीत आहे ना? ते सॉकेटच्या पोटात रात्रभर चालू ठेवल्यासारखंच झालं. तापल्याने पट्टीचा ताण जातो, तांबं काळं पडतं, रेझिस्टन्स आणखी वाढतो आणि जोड आणखी तापतो. या सगळ्यात करंट वाढत नाही, त्यामुळे एमसीबीला पत्ताच लागत नाही. आरसीसीबी (शॉकपासून वाचवणारा स्विच) फक्त लीकेज, म्हणजे बाहेर झिरपणारा करंट बघतो, तोही गप्प.

‘केटलही २००० वॅटचीच, तिने कधी काही झालं नाही’ असं म्हणणारे भेटतात. केटल चार-पाच मिनिटांत बंद होते हो! हीटर आठ तास चालतो.

एक्स्टेंशन बोर्डची वायर बहुतेक ०.७५ चौरस मिमीची असते. ती गुंडाळून किंवा गालिच्याखाली दाबून ठेवली की उष्णता आतच कोंडते. मल्टिप्लग आणि कन्व्हर्टर पिन तर हीटरला लावूच नयेत. मोठ्या पिनांचा टॉप (प्लग) कापून छोटा बसवणं हा शुद्ध आत्मघात आहे. आणि एका बोर्डवर दोन सॉकेट म्हणजे दोन लाइन नव्हेत. आतून बहुतेक वेळा एकाच वायरचा लूप असतो.

हीटर थेट भिंतीतल्या १६ अँपिअरच्या सॉकेटला लावा, वायरिंग २.५ चौरस मिमी तांब्याचं हवं. वीस मिनिटं चालवा, स्विच बंद करा, टॉपला हात लावून बघा. कोमट असेल तर चालेल. हात टिकत नसेल तर ते सॉकेट त्याच क्षणी बाद. भोकाभोवती तपकिरी कडा, चुरचुर आवाज, माशासारखा वास (तापलेल्या प्लॅस्टिकचा, स्वयंपाकघरात शोधत बसू नका) यातलं एक जरी दिसलं तरी तेच. आणि नवीन सॉकेट बसेपर्यंत नड असेलच, तर चांगल्या सॉकेटवर हीटर १००० वॅटवर चालवा: करंट निम्मा, पण जोडावरची उष्णता चौथाई.

सॉकेट बदलताना मेन बंद करून टेस्टरने खात्री करा. जमत नसेल तर इलेक्ट्रिशियन बोलवा, पण जवळ उभं राहून दोन गोष्टी बघा. काळी पडलेली वायर तशीच नव्या स्क्रूखाली घालू देऊ नका, लख्ख तांबं दिसेपर्यंत मागे कापायला लावा. आणि बारीक तारांच्या टोकाला सोल्डर लावू देऊ नका. दाबाखाली सोल्डर हळूहळू सरकतं आणि आज घट्ट केलेला स्क्रू काही महिन्यांत पुन्हा ढिला होतो.